स्कॅनरने लाल दाखवलं, आता काय? अपाची सीएक्सएफच्या सुरक्षा त्रुटींवर वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न अपाची सीएक्सएफ या एकाच फ्रेमवर्कभोवतीचे आहेत. जावामध्ये सोप आणि रेस्ट (प्रोग्रॅमनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलण्याच्या दोन पद्धती) सेवा लिहिण्यासाठीचं हे मुक्तस्रोत फ्रेमवर्क २००६ मध्ये सेल्टिक्स आणि एक्सफायर हे दोन प्रकल्प एकत्र येऊन तयार झालं. दोन्ही नावांतली अक्षरं घेऊन त्याचं नाव पडलं. सीएक्सएफवरची सेवा एकदा लिहिली की वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, त्यामुळे तिच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि एक दिवस सुरक्षा त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरचा अहवाल येऊन आदळतो. पुढचे प्रश्न अशाच अहवालांतून आले आहेत.

प्रश्न : आमची सोप सेवा सीएक्सएफ ३.४.५ वर चालते. स्कॅनरने सीव्हीई-२०२२-४६३६४ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा क्रमांक) दाखवून धोक्याचे दहापैकी ९.८ गुण दिले आहेत. ही त्रुटी एमटॉमची (संदेशासोबत फाइली पाठवण्याची पद्धत) आहे आणि आम्ही एमटॉम कधी चालूच केलेलं नाही. मग ‘लागू नाही’ असा शेरा मारून हा इशारा बंद करावा का?

नाही, बंद करू नका. एमटॉमची जी सेटिंग तुम्ही बंद ठेवली आहे, ती तुमच्या सेवेकडून बाहेर जाणाऱ्या उत्तरांची आहे. आत येणारा संदेश ‘मल्टिपार्ट/रिलेटेड’ प्रकारचा असेल, तर सीएक्सएफ तो उलगडतोच. तिथे तुमच्या सेटिंगला कोणी विचारत नाही. अधिकृत सूचनेत अट काय दिली आहे ते पाहा : कुठल्याही प्रकारचा किमान एक पॅरामीटर घेणारी सेवा. ज्या सेवेला एकही पॅरामीटर नाही अशी सेवा शोधूनच काढावी लागेल.

आता आत काय घडतं ते पाहू. एमटॉममध्ये मोठी फाइल एक्सएमएलच्या पोटात न कोंबता संदेशाच्या वेगळ्या भागात ठेवतात आणि एक्सएमएलमध्ये फक्त तिचा पत्ता देतात. तो पत्ता ‘एक्सओपी:इन्क्लूड’ या घटकाच्या ‘एचरेफ’मध्ये असतो आणि ‘सीआयडी:’ने सुरू होतो, म्हणजे ‘याच संदेशातला अमुक भाग’. जुन्या कोडमध्ये पत्ता ‘सीआयडी:’ने सुरू होत नसेल आणि त्यात ‘://’ असेल, तर तो सरळ यूआरएल मानला जायचा आणि सर्व्हर स्वतः तिथे जाऊन मजकूर घेऊन यायचा.

समजा, तुमच्याकडे ‘ग्राहक शोधा’ अशी क्रिया आहे आणि तिला नाव हा एकच स्ट्रिंग पॅरामीटर लागतो. हल्लेखोर नावाच्या जागी एक्सओपी:इन्क्लूड ठेवतो आणि एचरेफमध्ये ‘फाइल:///’ लावून सर्व्हरवरच्या पासवर्ड फाइलचा मार्ग देतो. सीएक्सएफ ती फाइल वाचतो, बेस६४मध्ये (साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात) बदलतो आणि ‘नाव’ म्हणून तुमच्या कोडच्या हातात ठेवतो. तुमचा कोड प्रामाणिकपणे ‘अमुक नावाचा ग्राहक सापडला नाही’ असं उत्तर देतो, आणि त्या ‘अमुक’मध्ये अख्खी फाइल बाहेर जाते. तुमच्या कोडमध्ये एकही चूक नसताना! उत्तरात नाव परत छापलं जात नसेल तरी धोका उरतोच, कारण सर्व्हरकडून आतल्या नेटवर्कमधल्या कुठल्याही पत्त्यावर विनंती पाठवून घेता येते. क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ हा मेटाडेटाचा पत्ता हल्लेखोर सर्वात आधी तपासतो, कारण तिथे तात्पुरत्या चाव्या मिळतात.

दुरुस्ती ३.४.१० आणि ३.५.५ मध्ये आली. तिथून पुढे यूआरएलच्या मागे जाणं मुळातच बंद आहे. मात्र ते परत चालू करणारी एक सिस्टम प्रॉपर्टी आहे : ‘ऑर्ग.अपाची.सीएक्सएफ.अटॅचमेंट.एक्सओपी.फॉलो.यूआरएल्स’. अपग्रेडनंतर काही बिघडलं म्हणून कोणी ती ‘ट्रू’ करून ठेवली नाही ना, हे सुरू होण्याच्या स्क्रिप्टमध्ये शोधा.

अपग्रेडला वेळ लागणार असेल तर आजच दोन गोष्टी करा. अटॅचमेंट वापरत नसाल, तर रिव्हर्स प्रॉक्सीवर (सेवेच्या पुढे बसून विनंत्या आत सोडणारा सर्व्हर) ‘मल्टिपार्ट/रिलेटेड’ कंटेंट-टाइपच्या विनंत्या अडवा. आणि सेवेच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारी वाहतूक फक्त लागतील त्या पत्त्यांपुरती उघडी ठेवा. दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण याच जातीच्या पुढच्या प्रत्येक त्रुटीत ते उपयोगी पडतं. एडब्ल्यूएसवर असाल तर आयएमडीएसची (वरच्या मेटाडेटा पत्त्यामागची सेवा) दुसरी आवृत्ती सक्तीची करा. तिच्यात आधी पुट विनंतीने टोकन घ्यावं लागतं, त्यामुळे सर्व्हरकडून करवून घेतलेली साधी गेट विनंती तिथे रिकाम्या हाती परत येते. मात्र ‘फाइल:///’ने वाचल्या जाणाऱ्या स्थानिक फाइलींना बाहेरच्या वाहतुकीवरचा हा निर्बंध अडवत नाही. त्यासाठी प्रॉक्सीचा नियम आणि अपग्रेडच हवं.

दुरुस्ती लागली का, हे चाचणी सर्व्हरवर तपासा. दुसऱ्या यंत्रावर एक साधा वेब सर्व्हर लावा, एचरेफमध्ये त्याचा पत्ता देऊन विनंती पाठवा आणि त्याच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये नोंद येते का बघा. नोंद आली, तर सीएक्सएफची जुनी जार (जावा लायब्ररीची फाइल) अजून कुठेतरी जिवंत आहे.

याच त्रुटीचं एक भावंड २०२४ मध्ये सापडलं : सीव्हीई-२०२४-२८७५२. ते फक्त ‘ऐजिस’ डेटाबाइंडिंग (एक्सएमएलचं जावा ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारा भाग) वापरणाऱ्यांना लागू आहे. डीफॉल्ट बाइंडिंग वापरणारे त्यातून सुटतात. ऐजिस वापरत नसाल तर ‘लागू नाही’ हा शेरा इथे बरोबर ठरतो. वापरत असाल तर ३.५.८, ३.६.३ किंवा ४.०.४ च्या खाली राहू नका.

प्रश्न : सीएक्सएफ ३.६.४ वरच्या आमच्या सेवेची टेम्प डिरेक्टरी दर काही दिवसांनी भरते आणि सर्व्हर बंद पडतो. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावून फाइली पुसतो आहोत. हा सुरक्षेचा प्रश्न आहे की नुसता देखभालीचा?

सुरक्षेचाच आहे. त्याला क्रमांकही आहे : सीव्हीई-२०२५-२३१८४. संदेश लहान असेल तर सीएक्सएफ तो मेमरीत धरतो. १२८ किलोबाइटच्या वर गेला की तात्पुरत्या फाइलीत उतरवतो आणि स्ट्रीम बंद झाला की फाइल पुसतो. काही वाटांनी तो स्ट्रीम बंदच होत नव्हता, म्हणून फाइल तशीच पडून राहायची. हे सर्व्हरलाही लागू आहे आणि क्लायंटलाही. बाहेरच्या माणसाने अशी वाट हेरून मोठमोठे संदेश पाठवत राहिलं, तर तुमची डिस्क भरायला त्याला पासवर्ड लागत नाही.

खात्री अशी करा. टेम्प डिरेक्टरीत ‘सीएक्सएफ-टीएमपी’ने सुरू होणारं फोल्डर असेल, त्यात ‘सीओएस’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली. त्यांच्या वेळा पाहा. तुमची सर्वात लांबलेली विनंती दोन मिनिटं चालत असेल आणि फाइली कालच्या असतील, तर गळती आहेच.

क्रॉनबद्दल दोन शब्द. लिनक्सवर एखादी फाइल प्रोसेसने उघडी धरलेली असेल, तर ती पुसल्यावरही जागा मोकळी होत नाही. यादीतून नाव जातं, डिस्क भरलेलीच राहते. तशी जागा प्रोसेस पुन्हा सुरू केल्यावरच परत मिळते. आणि ताज्या फाइली पुसल्यात तर चालू विनंत्या तुटतील, म्हणून काही तासांपेक्षा जुन्याच पुसा.

१२८ किलोबाइटची मर्यादा वाढवून फाइलीच बनू द्यायच्या नाहीत, हा उपाय मनात येईल. करू नका. १० मेगाबाइटचे २०० संदेश एका वेळी आले तर २ गिगाबाइट हीप (जावाची कामाची मेमरी) तिथेच गेली. डिस्कचं दुखणं मेमरीत आलं, एवढंच. त्यापेक्षा ‘कॅश्डआउटपुटस्ट्रीम’ची ‘मॅक्ससाइज’ प्रॉपर्टी लावा, म्हणजे मर्यादेबाहेरचा संदेश नाकारला जाईल. आणि ‘आउटपुटडिरेक्टरी’ वेगळ्या पार्टिशनवर न्या, म्हणजे ती भरली तरी लॉग आणि डेटाबेस श्वास घेत राहतील.

आता आवृत्तीचं. स्कॅनर सांगेल, ३.६.५ वर जा. तिथे थांबू नका. गळती बुजवणाऱ्या ३.५.१०, ३.६.५ आणि ४.०.६ मध्ये, तसंच ४.१.० मध्ये, नवीच त्रुटी शिरली : सीव्हीई-२०२५-४८७९५. तात्पुरती फाइल पूर्णच्या पूर्ण मेमरीत वाचली जायची आणि लॉगमध्ये लिहिली जायची. मोठ्या फाइलीने मेमरी संपते ही एक गोष्ट. दुसरी जास्त गंभीर. ज्यांनी तात्पुरत्या फाइली एन्क्रिप्ट करण्याची काळजी घेतली होती, त्यांचाही मजकूर लॉगमध्ये उघडा पडत होता. ही चूक ३.५.११, ३.६.६, ४.०.७ आणि ४.१.१ मध्ये दुरुस्त झाली. मधल्या चारांपैकी एखादी आवृत्ती तुमच्याकडे चालली असेल, तर त्या काळातले लॉग उघडून पाहा. त्यांत पासवर्ड किंवा टोकन दिसले तर ते बदला, आणि लॉगच्या बॅकअपमधल्या प्रती विसरू नका. तुम्ही ३.६ च्याच वाटेवर राहणार असाल तर थेट ३.६.८ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. का, ते शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न : नव्या सर्व्हरवर सेवा सुरू करताना ‘सुरक्षित एक्सएमएलइनपुटफॅक्टरी तयार करता येत नाही’ अशा अर्थाची चूक आली. त्रुटीच्या संदेशातच सुचवल्याप्रमाणे ‘अलाउइनसिक्युअरपार्सर’ ट्रू केलं आणि सगळं चालू झालं. हे असंच ठेवलं तर चालेल का?

चालेल, पण दार उघडं टाकून. त्या संदेशात दोन मार्ग सुचवलेले असतात : एक तर वुडस्टॉक्स (एक्सएमएल वाचणारा एक पार्सर) जोडा, नाहीतर असुरक्षित पार्सर मान्य असेल तर ही प्रॉपर्टी लावा. रात्री अकरा वाजता रिलीज अडलेलं असताना माणूस दुसरा मार्ग उचलतो, हे समजण्यासारखं आहे. सकाळी मात्र तो काढायला हवा.

सीएक्सएफला संदेशाच्या आकारावर काही मर्यादा घालायच्या असतात. घटकांची खोली १००, एका घटकावरच्या अ‍ॅट्रिब्यूट्स ५००, एका घटकाची थेट मुलं ५०,००० : ही डीफॉल्ट मूल्यं. जावासोबत येणाऱ्या पार्सरला या मर्यादा सीएक्सएफच्या पद्धतीने सांगता येत नाहीत, वुडस्टॉक्सला सांगता येतात. वुडस्टॉक्स सापडला नाही की सीएक्सएफ सुरू व्हायलाच नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

या नकारामागे इतिहास आहे. २०१० मध्ये सीव्हीई-२०१०-२०७६ आली. सोप संदेशात डीटीडीला (एक्सएमएलची रचना आणि एंटिटी ठरवणारा भाग) परवानगी नसतानाही सीएक्सएफ तो वाचत होता. डीटीडीतून काय होतं, ते आकड्यांतच पाहा. तीन अक्षरांची एक एंटिटी (मजकुराला दिलेलं छोटं नाव) घ्या. दुसरी एंटिटी पहिलीला दहा वेळा बोलावते, तिसरी दुसरीला दहा वेळा. असे नऊ मजले चढवले की एकाचे शंभर कोटी होतात, आणि एक किलोबाइटही नसलेला संदेश पार्सरच्या हातात ३ गिगाबाइटचा होतो. डीटीडी बंद केला तरी प्रश्न पुरता सुटला नाही. २०१३ च्या सीव्हीई-२०१३-२१६० मध्ये डीटीडीची गरजच नव्हती. घटकांच्या आणि अ‍ॅट्रिब्यूट्सच्या संख्येला धरबंध नसलेला साधा एक्सएमएल पुरत होता. त्यानंतर या मर्यादा आल्या. तुम्ही लावलेली प्रॉपर्टी त्याच मर्यादा गुंडाळून ठेवते.

वुडस्टॉक्स का सापडत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. कोणीतरी दुसऱ्या लायब्ररीशी भांडण मिटवण्यासाठी मेव्हनच्या (लायब्ररी जोडून देणारं साधन) फाइलीत त्याला ‘एक्स्क्लूड’ केलेलं असतं. किंवा ‘वुडस्टॉक्स-कोअर’ आहे पण तिची जोडीदार ‘स्टॅक्स२-एपीआय’ नाही. किंवा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर स्वतःचा पार्सर आधी पुढे करतो आणि तुमची जार मागे पडते. अशा वेळी क्लासलोडरचा क्रम बदलून अ‍ॅप्लिकेशनच्या जार आधी घ्यायला सांगावं लागतं. तुमची सेवा जुन्या सर्व्हरवर चालत होती आणि नव्यावर अडली, म्हणजे या तिसऱ्या कारणापासून सुरुवात करा.

एक सावधगिरी. मर्यादा परत लागू झाल्यावर एखादी खरी, मोठी विनंती अडू शकते. ५०,००० पेक्षा जास्त ओळींची यादी एकाच घटकाखाली पाठवणारा जोडीदार असेल, तर त्याला ‘मॅक्सिमम नंबर ऑफ चाइल्ड एलिमेंट्स’ची मर्यादा ओलांडल्याची चूक मिळेल. तेव्हा फक्त त्या एंडपॉइंटवर ‘मॅक्सचाइल्डएलिमेंट्स’ वाढवा, खऱ्या गरजेच्या थोडंच वर. सगळ्या सेवांसाठी शून्य जास्त जोडून मोकळं होऊ नका.

प्रश्न : सेवांची यादी दाखवणारं पान बाहेरून उघडतं. त्यात गुप्त काही नाही. तरी बंद करावं का?

हो. सीएक्सएफसर्व्हलेटला ‘हाइड-सर्व्हिस-लिस्ट-पेज’ हा इनिट पॅरामीटर ‘ट्रू’ द्या, एका ओळीचं काम आहे. या पानातच दोनदा क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग (पानात हल्लेखोराची स्क्रिप्ट घुसवू देणारी त्रुटी) सापडलं, सीव्हीई-२०१९-१७५७३ आणि सीव्हीई-२०२०-१३९५४. दुसरीची दुरुस्ती ३.३.८ आणि ३.४.१ मध्ये आहे. सर्व्हलेटच्या सेटिंग उघडल्याच आहेत तर आणखी एक बघा : ‘स्टॅटिक-रिसोर्सेस-लिस्ट’ आणि ‘रिडायरेक्ट-क्वेरी-चेक’ हे दोन्ही एकत्र लावलेले असतील, तर ३.४.१० आणि ३.५.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत डिरेक्टरीची यादी आणि कोड बाहेर जाऊ शकतो. ती सीव्हीई-२०२२-४६३६३. दोन्ही एकत्र लावण्याची गरज सहसा कोणाला नसते.

प्रश्न : दुसऱ्या संस्थेच्या सेवेला जोडताना प्रमाणपत्राची चूक येत होती, म्हणून क्लायंटमध्ये ‘डिसेबलसीएनचेक’ ट्रू केलं आहे. संदेशावर सही असते, त्यामुळे धोका नाही असं आमच्या टीमचं म्हणणं आहे.

टीमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. ही सेटिंग प्रमाणपत्राची साखळी तपासणं थांबवत नाही, प्रमाणपत्रावरचं नाव आणि तुम्ही जोडलेला होस्ट एकच आहे का, ते तपासणं थांबवते. म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेकडून कुठल्याही डोमेनचं खरं प्रमाणपत्र घेतलेला कोणीही मध्ये बसून ‘मीच तो सर्व्हर’ म्हणू शकतो. समोरच्यांना प्रमाणपत्रात योग्य होस्टनाव घालायला सांगा. तोवर क्लायंटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वास ठेवायच्या प्रमाणपत्रांचा साठा) फक्त त्यांचं एकच प्रमाणपत्र ठेवा, इतर सगळ्या मान्यताप्राप्त संस्था काढा. मग नाव तपासलं नाही तरी दुसरं प्रमाणपत्र घेऊन कोणाला आत शिरता येत नाही.

आणि सही. संदेशावर सही ‘असणं’ पुरेसं नाही, ती कशावर आहे ते बघावं लागतं. एक्सएमएल सहीमध्ये, सही केलेला भाग हेडरमध्ये सरकवून बॉडीच्या जागी नवाच मजकूर ठेवता येतो. सही तपासणारा कोड जुन्या भागाकडे बघून ‘बरोबर’ म्हणतो आणि धंद्याचा कोड नवा भाग वाचतो. हा हल्ला २००५ पासून माहीत आहे. डब्ल्यूएस-सिक्युरिटी पॉलिसी वापरत नसाल, तर ‘डीफॉल्टक्रिप्टोकव्हरेजचेकर’ हा इंटरसेप्टर लावा. तो बॉडी आणि टाइमस्टॅम्प खरोखर सहीखाली आहेत का, ते पाहतो. टाइमस्टॅम्पची डीफॉल्ट मुदत ३०० सेकंद असते. घड्याळं जुळत नाहीत म्हणून ती तासाभराची केलेली असेल, तर पकडलेला संदेश पुन्हा वापरायला तेवढीच सवड मिळते. घड्याळं एनटीपीने जुळवा, मुदत होती तिथे आणा.

प्रश्न : आम्ही जावा ८ वर अडकलो आहोत, सीएक्सएफ ३.५.९ आहे. कुठवर जाता येईल?

३.५.११ वर लगेच जा. वर सांगितलेल्या दोन्ही तात्पुरत्या-फाइलींच्या त्रुटी त्यात दुरुस्त आहेत आणि जावा ८ चालतं. पण त्यानंतरच्या सीव्हीई-२०२५-४८९१३ साठी दुरुस्तीच्या आवृत्त्या ३.६.८, ४.०.९ आणि ४.१.३ अशा आहेत. त्यात ३.५ ची वाट नाही. ही त्रुटी जेएमएसची (जावामधली संदेश-रांगांची सोय) आहे : अविश्वासू माणसाला जेएमएसची जोडणी ठरवता येत असेल, तर तो आरएमआय किंवा एलडॅपचा यूआरएल देऊन सर्व्हरवर कोड चालवू शकतो. जेएमएस वापरत नसाल, तर ‘सीएक्सएफ-आरटी-ट्रान्सपोर्ट्स-जेएमएस’ ही जार काढून टाका, विषय संपला. वापरत असाल, तर जोडणीचा पत्ता विनंतीतून किंवा वापरकर्त्याने भरलेल्या पानातून येत नाही ना, ते कोडमध्ये तपासा.

पुढची पायरी ३.६ ची. त्याला जावा ११ लागतं, पण पॅकेजची नावं ‘जावाएक्स’च राहतात, म्हणजे तुमच्या कोडमधले इम्पोर्ट बदलत नाहीत. ४.० ला जावा १७ लागतं आणि ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ होतं. तिथे डब्ल्यूएसडीएलमधून बनवलेले क्लासेसही नव्याने तयार करावे लागतात. दोन्ही उड्या एकदम मारू नका. जावा ११ मध्ये जॅक्सबी आणि जॅक्स-डब्ल्यूएस जेडीकेमधून काढून टाकले आहेत. त्यामुळे आजवर फुकट मिळणारे क्लासेस ‘सापडत नाहीत’ असं कंपाइलर म्हणाला, तर घाबरू नका. ते डिपेन्डन्सी म्हणून जोडायचे असतात.

मेव्हनमध्ये प्रत्येक मॉड्यूलला वेगळी आवृत्ती लिहिण्याऐवजी ‘सीएक्सएफ-बॉम’ इम्पोर्ट करा, म्हणजे कोअर ३.५.११ आणि ट्रान्सपोर्ट ३.५.९ असली खिचडी होत नाही. मग ‘डिपेन्डन्सी:ट्री’ चालवून सीएक्सएफचा गट गाळून पाहा. तिथे सगळं जुळलं तरी तैनातीच्या फोल्डरमधलं ‘लिब’ उघडून बघा. जुन्या वॉरची (तैनातीसाठी बांधलेली अ‍ॅप्लिकेशनची फाइल) उलगडलेली प्रत पुसली नसेल, तर दोन सीएक्सएफ-कोअर शेजारी शेजारी नांदतात, आणि कुठली आधी लोड होईल ते सांगता येत नाही. सर्व्हर सुरू होताना सीएक्सएफच्या ‘व्हर्जन’ क्लासचं ‘गेटकम्प्लीटव्हर्जनस्ट्रिंग’ लॉगमध्ये छापून घ्या. क्लायंट असेल तर समोरच्यांच्या अ‍ॅक्सेस लॉगमधला तुमचा यूजर-एजंट विचारा, डीफॉल्टने त्यातही आवृत्ती असते. तिथे अजून ३.५.९ दिसत असेल, तर अपग्रेड तुमच्या रेपॉझिटरीतच राहिलं आहे, सर्व्हरपर्यंत पोचलेलं नाही.